चारशे बारा चिठ्ठ्या आणि एक पिवळी चौकट

'पाच मिनिटांचं काम आहे,' हे वाक्य मी एका शनिवारी सकाळी चहा पिताना उच्चारलं. त्यानंतर जे झालं ते पाहता बायकोने ते वाक्य मला एकदाही परत ऐकवलं नाही, हा तिचा मोठेपणा. वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांनी ते दीड वेळा ऐकवलं, पण त्यांचं पुढे येईलच.

माझी बायको यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणते. मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप, असलं काहीबाही. 'उपकरण पाण्यात बुडवू नये' हे वाक्य तिने आजवर इतक्या वेळा लिहिलंय, की मी आंघोळीला निघालो तरी तिला तेच आठवतं. पण या वेळी काम मोठं होतं. दवाखान्यातल्या खाटा बनवणाऱ्या एका कंपनीने तिला चाळीस पानांची पुस्तिका चाचणी म्हणून दिली होती. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत ती पोचवायची. पसंत पडली तर कंपनीच्या सगळ्या पुस्तिका कायमच्या तिच्याकडे. अकरा वर्षं सुटी सुटी पत्रकं केल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी तिला 'आमच्या अनुवादक' म्हणणार होतं. ती हे बोलून दाखवत नव्हती, पण त्या आठवड्यात ती भांडी घासतानासुद्धा गुणगुणत होती.

कंपनीची अट एकच होती. खाटेच्या प्रत्येक भागाला एकच शब्द, आणि तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोच. पान तीनवर 'दांडी' आणि पान तीसवर 'दांडा' झाला, तर नर्स तो नसलेला दांडा शोधत बसणार आणि पेशंट अर्धा वर, अर्धा खाली. म्हणून बायकोने कंपनीच्या इंजिनियरशी दोन महिने फोनवर वाद घालून एकेक शब्द पक्का केला होता. असे चारशे बारा शब्द. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी. शेवटचा शब्द ठरला आणि त्याच आठवड्यात तो इंजिनियर नोकरी सोडून गेला. या दोन घटनांचा संबंध असावा अशी मला शंका आहे.

त्या चिठ्ठ्या भिंतीवर, कपाटावर, खिडकीच्या काचेवर, जिथे जागा मिळेल तिथे चिकटवलेल्या होत्या. एक शब्द शोधायचा म्हणजे मान डावीकडे, एक शोधायचा म्हणजे मान वर. शनिवारी सकाळी ती मान चोळत चहाला आली आणि माझ्यातला सुधारक जागा झाला.

"अगं, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये घालता येतं," मी म्हणालो. "तू ज्याच्यात टाईप करतेस ना, तो टेक्स्ट एडिटर, त्यातच सोय आहे. शब्दावर माऊसचा बाण नेऊन जरा थांबवला की बाजूला छोटी पिवळी चौकट उघडते. त्यात तुझा शब्द. मान हलवायलाच नको. पाच मिनिटांचं काम आहे."

ऑफिसात एका तरुण सहकाऱ्याच्या पडद्यावर मी ती चौकट पाहिली होती. तिला टूलटिप म्हणतात एवढंही विचारून ठेवलं होतं. माझं एकूण ज्ञान एवढंच, पण आत्मविश्वासाला ते पुरेसं होतं.

बायकोने चहाचा कप खाली ठेवला. "मंगळवारपर्यंत मी मूळ मजकूर कागदावरच वाचणार आहे, खुणा करणार आहे," ती म्हणाली. "तोवर कॉम्प्युटर तुमचा. पण बुधवारी सकाळी मी बसेन तेव्हा मला माझे शब्द हवेत. काय?"

"हवेत म्हणजे काय, असणारच!" मी म्हणालो.

तिच्या टेबलापाशी गेलो. माऊस कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला होता. मी तो उचलला, त्याच्यावरची धूळ फुंकली आणि कामाला लागलो. आता वाटतं, त्या धुळीनेच मला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला होता.

शब्द भरायचा तक्ता एडिटरच्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी सापडला. दोन रकाने होते. मी एका बोटाने टाईप करतो. आमच्या अभिलेख कक्षात सत्तावीस वर्षांत त्याहून जास्त बोटांची कधी गरज पडली नाही. शनिवारचा सगळा दिवस आणि रविवारची सकाळ घालवून मी चारशे बारा शब्द भरले. कॅस्टरला पायचाक. लॅचला अडकण. नॉबला फिरकी. साइड रेलला कठडा. शेवटचा शब्द भरून झाल्यावर मी समाधानाने पडद्यावरची ती खिडकी बंद केली. तेव्हा पडद्यावर काहीतरी प्रश्न आला. कॉम्प्युटरच्या प्रश्नांना 'नाही' म्हटलं की पुढचे घोटाळे टळतात असा माझा अनुभव आहे. मी 'नाही' म्हटलं. प्रश्न 'बदल जतन करायचे का?' असा होता, हे मला पुन्हा उघडल्यावर रिकामा तक्ता बघून कळलं.

रविवारी दुपारी परत सुरुवात. या वेळी दर दहा शब्दांनी जतन केलं. सोमवारी सकाळी अकराला काम संपलं आणि मी माऊसचा बाण 'लिव्हर' या शब्दावर नेऊन ठेवला. काही नाही. 'कॅस्टर'वर ठेवला. काही नाही. मग सहज मी रजेचा अर्ज लिहायला घेतला, कारण सोमवार उजाडून अर्धा झाला होता आणि मी ऑफिसला गेलोच नव्हतो. 'आपणास कळविण्यात येते की' एवढं लिहून बाण तिथे विसावला मात्र, पिवळी चौकट उघडली. तिच्यात लिहिलं होतं, 'स्विच'.

मी रकाने उलटे भरले होते. मराठी शब्द दाखवला की एडिटर मला इंग्रजी सांगत होता. शिवाय 'कळविण्यात' मधली 'कळ' सुद्धा त्याने उचलली होती. म्हणजे चौकट उघडते, हे तरी सिद्ध झालं. मी तेवढंच बायकोला सांगितलं.

रजेच्या अर्जावरून साहेबांचा फोन आला. कारणाच्या जागी मी प्रामाणिकपणे 'टूलटिप' असं लिहिलं होतं.

"कुठे झालंय?" साहेबांनी काळजीने विचारलं.

"घरीच आहे, साहेब."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"मेहुण्याला दाखवणार आहे," मी म्हणालो. साहेबांनी बुधवारपर्यंत रजा मंजूर केली आणि भरपूर पाणी प्या म्हणाले.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो प्रिंटर दुरुस्त करतो, त्यामुळे आमच्या नात्यात कॉम्प्युटरमधलं सगळं त्याला कळतं असं धरून चालतात. तो आला, खुर्चीवर उलटा बसला आणि म्हणाला, "भावजी, रकाने परत भरा, दुसरा इलाज नाही. आणि तो 'पूर्ण शब्दच जुळवा' असा पर्याय आहे ना, त्याच्यावर खूण करा. मला जरा घाई आहे." एवढं बोलून तो दोन कप कॉफी होईपर्यंत बसला.

तिसऱ्यांदा भरताना मात्र मी शिस्तीने वागायचं ठरवलं, आणि इथेच माझ्या नोकरीने माझा घात केला. अभिलेख कक्षात आमची एक पद्धत आहे. कागदाची नोंद रजिस्टरात झाली, नोंद तपासली, की मूळ कागद मधोमध फाडून टोपलीत टाकायचा. म्हणजे एकाच कागदाची दोनदा नोंद होत नाही. सत्तावीस वर्षं हा हात तेच करतोय. शब्द भरला, जतन केला, तपासला, चिठ्ठी फाडली. शब्द भरला, जतन केला, तपासला, चिठ्ठी फाडली. सोमवारी मध्यरात्रीपर्यंत भिंत, कपाट आणि खिडकी कशी स्वच्छ दिसायला लागली! मंगळवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा टोपली मी स्वतः उचलून खाली नेली.

आता शब्द बरोबर होते. चौकट उघडत होती. राहिला फक्त विलंब, म्हणजे बाण थांबल्यावर किती वेळाने चौकट उघडावी ते. तिथे आकडा घालायचा होता. मी 'दोन' घातला. दोन सेकंद, माणसाला शोभेल असा वेळ. पण तो हिशेब सेकंदाच्या हजाराव्या भागांचा निघाला. बाण पडद्यावरून नुसता पलीकडे न्यायचा म्हटलं तरी वाटेत सतरा चौकटी भसाभसा उघडायच्या.

याच वेळी वरचे हेडमास्तर पेपर परत द्यायला आले. हेडमास्तर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण दुसऱ्याची चूक दिसली की ते अजून हजर असतात.

"पाच मिनिटांचं काम होतं ना हो?" ते म्हणाले. ही पहिली वेळ.

मी अडचण सांगितली. त्यांनी डोळे मिटून विचार केला. "उत्तर लगेच देऊ नये. मुलाला आधी स्वतः विचार करू द्यावा. पाच हजार करा."

पाच हजार केलं. बाण शब्दावर ठेवून आम्ही दोघं वाट बघत बसलो. चौकट उघडेपर्यंत आपण कोणता शब्द विचारला होता ते मी विसरून गेलो. हेडमास्तर म्हणाले की ही एकाग्रतेची उणीव आहे. अखेर पाचशेवर तडजोड झाली. पण आता वेगळंच सुरू झालं. चौकट उघडायची ती मिटायचीच नाही. बाण हलवा, कळा दाबा, ती आपली खालच्या दोन ओळी झाकून ठिय्या देऊन बसलेली. हेडमास्तरांनी तिला 'चल, ऊठ,' असंही म्हणून पाहिलं.

शेवटी मी एडिटरच्या मदतकक्षाला पत्र लिहिलं. पाऊण तासात उत्तर आलं, 'आपल्या अडचणीचे पडद्यावरील चित्र पाठवावे. चित्राशिवाय तक्रार विचारात घेता येणार नाही.' पडद्याचं चित्र काढायची एक कळ असते. ती दाबली की, काय सांगू, एरवी हटून बसलेली ती चौकट तेवढ्यापुरती अदृश्य व्हायची! चित्रात स्वच्छ, निर्दोष, आदर्श पडदा. असा पडदा बघून कोण म्हणेल की या माणसाला काही तक्रार आहे? मी तीन वेळा पाठवलं. तीनही वेळा उत्तर आलं, 'चित्रात अडचण दिसत नाही.'

तेव्हा फोनने फोटो काढायचं ठरलं. माऊस हेडमास्तरांनी धरला, फोन मी. "श्वास रोखा," मी म्हणालो. त्यांनी श्वास रोखला, मीही रोखला, आणि दाराची घंटा वाजली. दुसऱ्या खेपेला माझा अंगठा आला. सहाव्या फोटोत चौकट मिळाली. तो पाठवला. उत्तर आलं, 'चित्रात एक गोल, चकचकीत वस्तू दिसते. ती आमच्या प्रणालीचा भाग नाही. कृपया खुलासा करावा.' ते काचेत पडलेलं हेडमास्तरांचं टक्कल होतं. मी लेखी खुलासा केला. हेडमास्तरांनी तो वाचला आणि तडक जिना चढून गेले.

बुधवारी सकाळी नऊला बायको टेबलापाशी आली. केस वर बांधलेले, चष्मा पुसलेला. डावीकडे खुणा केलेला गठ्ठा ठेवला. उघड्या भिंतीकडे पाहून ती "बरं झालं, मोकळं वाटतंय," म्हणाली तेव्हा मला चार दिवसांचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. ती बसली, तिने माऊस उचलला आणि कागद उडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर ठेवून दिला. मग दोन्ही हातांनी खडखडा टाईप करायला लागली.

मी मागे उभा होतो. "अगं, माऊस घे ना."

"कशाला?"

"शब्दावर न्यायला. चौकट उघडायला."

तिचे हात थांबले. ती सावकाश वळली. "मी माऊस वापरतच नाही," ती म्हणाली. "अकरा वर्षांत नाही वापरला. हात कळांवरून उचलला की माझी लय मोडते. तुम्ही रोज याच खोलीत बसून पेपर वाचता ना हो?"

अकरा वर्षं मी त्या खोलीत बसलो होतो आणि बायको काम कसं करते हे एकदाही पाहिलं नव्हतं. माझा चेहरा अगदीच पडला असावा, कारण ती लगेच म्हणाली, "बरं, दाखवा. इतकं केलंय तर बघते की." तिने माऊस हातात घेतला, बाण 'ब्रेक पेडल'वर नेला. चौकट उघडली. 'पायरोध.' तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग तिने बाण हलवला आणि चौकट तिथेच राहिली.

नेमकं तेव्हाच मदतकक्षाचं पत्र आलं. 'आपला खुलासा मान्य. अडचण दूर करण्यासाठी "सर्व काही मूळ स्थितीत आणा" हे बटण दाबावे.' एवढं सोपं होतं तर! मी पुढे वाकलो आणि बटण दाबलं. चौकट गेली. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "बघ!"

तिने बाण परत 'ब्रेक पेडल'वर नेला. काही उघडलं नाही. तिने सेटिंगचा तक्ता उघडला. तो शनिवारी सकाळी होता तसा कोरा होता. सर्व काही, खरोखरच सर्व काही, मूळ स्थितीत आलं होतं.

"जाऊ दे," ती शांतपणे म्हणाली. "चिठ्ठ्या द्या माझ्या."

अभिलेख कक्षातली आमची पद्धत मी तिला समजावून सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त चष्मा काढून, हातात धरून, बसून राहिली. दोन महिन्यांचे शब्द होते ते. परत विचारायला इंजिनियर नव्हता आणि कंपनीला विचारावं तर चाचणीआधीच नापास. मला इतकी लाज वाटली की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाण्याची बाटली भरायला लागलो. ती आधीच भरलेली होती.

आतून तिचा आवाज ऐकू आला. स्वतःशीच बोलत होती. "कॅस्टर... पायचाक. हे आठवतंय. लॉकिंग पिन... खीळ? नाही, खीळ नव्हती. त्याने खीळ नको म्हटलं होतं..."

"रोधखुंटी," मी म्हणालो.

आत खुर्ची सरकली. मग, "काय म्हणालात?"

"लॉकिंग पिन, रोधखुंटी. त्याच्या खालची ती सपोर्ट ब्रॅकेट, आधारपट्टी. क्रँक हँडल, फिरमूठ." मी बाटली घेऊन दारात आलो. बाटलीतून पाणी सांडत होतं. "मॅट्रेस रिटेनर, गादीअडण."

एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तीन तीन वेळा टाईप केलं होतं मी. बाराशे छत्तीस वेळा! शाळेत पाढे सुद्धा माझ्या डोक्यात इतके गेले नव्हते.

बायकोने चष्मा लावला. पायाने स्टूल ओढून आपल्या शेजारी ठेवलं. "इथे बसा," ती म्हणाली. "मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. विचारलं की एकच शब्द सांगायचा. सांगून झालं की गप्प."

मी बसलो. तिने विचारायचं, मी सांगायचं. सुरुवातीला माझ्याकडून घोटाळे झाले. "फिरकी" म्हणून झाल्यावर नॉबला फिरकी का म्हणतात यावरही मी दोन वाक्यं बोललो. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी मिटलो. हळूहळू जमलं. गुरुवारी दुपारपर्यंत ती मान न वळवता नुसती थांबायची आणि ती कुठल्या शब्दावर थांबली आहे ते मला ओळीवरून कळायचं. तिची बोटं कशी चालतात हे मी पहिल्यांदाच बघत होतो. अवघड वाक्य आलं की ती खालचा ओठ दाताखाली धरते. वाक्य सुटलं की डाव्या पायाने जमिनीवर एक ठोका देते. फार छान काम करते हो ती! मी अकरा वर्षं पेपर वाचत होतो.

साहेबांना रजा वाढवून हवी म्हणून फोन केला. "टूलटिप अजून आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आता मीच टूलटिप झालोय. त्यांनी सहानुभूतीने शुक्रवारपर्यंत दिली.

शुक्रवारी चार वाजता एकोणचाळिसाव्या पानावर आम्ही अडलो. 'हेडबोर्ड.' तिने विचारलं आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. डोकं रिकामं. चार वाजून पाच झाले. चार दहा झाले. तेवढ्यात हेडमास्तर, राग विसरून, काय झालं बघायला आले आणि म्हणाले, "पाच मिनिटांचं..." बायकोने हात वर केला. हेडमास्तर वाक्यात मध्येच थांबल्याचं मी प्रथमच पाहिलं.

"आठवू नका," ती मला म्हणाली. "टाईप करा." तिने आपली खुर्ची मला दिली आणि कळफलक माझ्यापुढे सरकवला. मी डोळे मिटून बोट पुढे केलं. बोट थोडं भटकलं, मग आपणहून खाली आलं. डोळे उघडले तर पडद्यावर होतं 'शिरफळी'.

"शिरफळीच!" ती टाळी वाजवून म्हणाली. "त्याच्यासाठी मी त्या इंजिनियरशी पाऊण तास भांडले होते!" तिने मला जवळजवळ ढकलूनच खुर्चीवरून उठवलं. चार वाजून बावन्न मिनिटांनी चाळीस पानं रवाना झाली. मग आम्ही दोघंही जमिनीवर बसलो. हेडमास्तर खुर्चीवर बसले, कारण ते जमिनीवर बसत नाहीत.

दहा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. पुस्तिका पसंत होती. पुढच्या सगळ्या पुस्तिका तिच्याकडे. पत्राची सुरुवातच 'आमच्या अनुवादक' अशी होती. बायकोने ते मोठ्याने दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी तिचा आवाज जरा हलला. शेवटी एक विनंती होती. 'शब्दांची एकवाक्यता इतकी अचूक आम्ही आजवर पाहिली नाही. यासाठी आपण कोणते साधन वापरता? कळवल्यास आमच्या इतर भाषांच्या अनुवादकांनाही ते बसवून देऊ.'

ती लगेच उत्तर लिहायला बसली. मी मागे उभा राहून वाचत होतो. 'साधन घरगुती आहे,' तिने लिहिलं. 'जुनं आहे, मधूनच अडकतं आणि न विचारताही बोलतं. पण क्षमा असावी, ते मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.'

मला भरून आलं. मग मी तिला म्हणालो की बाकी सगळं ठीक आहे, पण ते 'जुनं' तेवढं काढ.

तिने काढलं नाही.